रस्ता कोणाचा? हद्दीचा प्रश्न आणि पायी चालणारा माणूस

भारतीय राज्यघटनेचे पंधरावे कलम आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करू नये, असे ते सांगते. परंतु त्याच कलमाचे दुसरे उपकलम आपण क्वचितच बारकाईने वाचतो. सार्वजनिक पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराला कोणत्याही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. आणि त्याच यादीत 'रस्ते' हा शब्दही आहे.

हा शब्द तेथे सहज आलेला नाही. रस्त्यावरून चालणे हेच या देशात एके काळी बंड होते. १८९३ साली अय्यनकाळी यांनी त्रावणकोरात बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याने जाण्याचे धाडस केले. १९२४ साली त्याच संस्थानात वायकोम येथे सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हे, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून जाता यावे म्हणून. सुमारे वीस महिने तो चालला, आणि अखेरीस चारांपैकी तीनच रस्ते सर्वांना खुले झाले. म्हणजे माणसाला रस्ता मिळाला तोही मोजूनमापून.

आज 'या रस्त्याने चालू नकोस' असे आपल्याला उघडपणे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. पण चालणारा माणूस त्या रस्त्यावर मेला, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. चालण्याचा हक्क मिळाला. तो हक्क राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. हा प्रश्न अभियंत्यांचा आणि कारकुनांचा आहे, चळवळीचा नाही, असे आपण मानत आलो. ती समजूत चुकीची आहे, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील अनुभवाच्या आधारे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दोन महिने वर्गात आली नाही. चौकशी केल्यावर कळले की, एस.टी.च्या थांब्याकडे पायी जात असताना तिला मालवाहू ट्रकचा धक्का लागून पाय मोडला होता. ट्रक थांबला नाही. तिच्या वस्तीतून शिकायला येणाऱ्या आणखी दोन मुलींचे येणेही त्या दिवसापासून थांबले. त्यांना काही झालेले नव्हते. त्यांच्या घरच्यांनी फक्त हिशेब केला, आणि शिक्षणापेक्षा पाय महत्त्वाचा ठरला. त्या घरांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः माझ्या घरातला पहिला पदवीधर; शाळेच्या वाटेवर ट्रक असते तर माझ्या आईनेही हाच हिशेब केला असता.

त्या गावी ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा मुलीच्या वडिलांनी मला बोलावून नेले. गाव रस्त्याच्या एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला. शाळा, रेशनचे दुकान, थांबा हे सारे गावाच्या बाजूला. मागणी साधी होती : वाहनांचा वेग कमी करा, रात्रीचा दिवा लावा, आणि थांब्यापर्यंत चालायला कडेची पट्टी करा.

त्या दिवशी जे ऐकले ते तक्रार म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून सांगतो. सरपंचबाई म्हणाल्या, रस्ता ग्रामपंचायतीचा नाही. आम्ही त्यावर खडा टाकला तरी आमच्यावर कारवाई होईल. पंचायत समितीच्या सदस्यांनी सांगितले, पूर्वी हा रस्ता दुसऱ्या खात्याकडे होता, आता दर्जा वाढला, म्हणून तो आमच्या अखत्यारीत येत नाही. रस्त्याचे काम पाहणारे अभियंता आले होते. ते सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, डांबराची आणि खड्ड्यांची जबाबदारी आमची, दिव्याचे वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचे, वेग हा पोलिसांचा विषय, थांबा एस.टी.चा, आणि वस्तीकडची कड वनविभागाच्या हद्दीत जाते, तेथे माती टाकायची तर त्यांची परवानगी लागेल. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. म्हणूनच ते भयंकर होते.

तेव्हा वस्तीतली एक म्हातारी उठली. म्हणाली, "साहेब, रस्ता कोनाचा आहे ते तुमी सवडीनं पाहा. मले रोज पल्याड जाचा आहे. कशी जाऊ ते सांगा."

सभेत कोणी उत्तर दिले नाही. मलाही देता आले नाही. घरी आल्यावर मी कायदे आणि शासनाची वर्गवारी वाचायला घेतली. जे समजले ते पुढे देत आहे.

२

आपण 'रस्ता' म्हणतो ती सरकारदरबारी एक वस्तू नाही. केंद्राचे राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या कायद्याखाली येतात. त्यांपैकी काही १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात, तर काहींचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा पाहते. फलकावर 'राष्ट्रीय महामार्ग' असे वाचून प्राधिकरणाकडे अर्ज पाठवावा, तर तो अनेकदा चुकीच्या दारी जातो, याचे कारण हे आहे. त्याखाली राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग येतात. ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातील गल्ल्या ग्रामपंचायतीकडे, शहरातील रस्ते नगरपंचायत, नगर परिषद किंवा महानगरपालिकेकडे. शेतात जाणाऱ्या पांदणीचा वाद तहसीलदाराकडे. आपल्या दोन जिल्ह्यांत याशिवाय आणखी दोन मालक आहेत : जंगलातून जाणाऱ्या वाटांचा वनविभाग, आणि खाणपट्ट्यातील रस्त्यांची खाण कंपनी.

एकच रस्ता दहा मैलांत तीन वेळा मालक बदलू शकतो. पायी चालणाऱ्याला मात्र तो एकच दिसतो. नियोजन वाहनाच्या सोयीने झालेले असते; वाहनाला डांबर अखंड मिळाले की त्याचे काम भागते. चालणाऱ्याला जे लागते, म्हणजे कड, दिवा, ओलांडण्याची जागा, थांबा, ते सारे हद्दींच्या फटीत येते.

चंद्रपूर शहरातील जटपुरा दरवाज्याजवळ थोडा वेळ उभे राहिले की हे डोळ्यांनी दिसते. गोंड राजांच्या काळातला तो परकोटाचा दरवाजा. त्याच्या दगडाला हात लावायचा तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, खालच्या रस्त्याचा कारभार वेगळ्या यंत्रणेचा, वाहतुकीचे नियमन पोलिसांचे. हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या त्या कमानीतून आज गाड्यांची रीघ लागते, आणि डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई भिंतीला अंग चिकटवून वाट पाहत उभी राहते. दरवाजा संरक्षित स्मारक आहे. त्याखालून चालणाऱ्या बाईला तसे संरक्षण देणारे खाते नाही.

देशाचे आकडे हेच मोठ्या प्रमाणावर सांगतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा शेकडा दोन-अडीचच्या आसपास. पण मृत्यूंपैकी शेकडा ३६ हे राष्ट्रीय महामार्ग व द्रुतगती मार्गांवरचे आहेत. हे आकडे जातवार दिले जात नाहीत. परंतु खेड्यात पायी कोण चालते आणि महामार्गाच्या कडेला कोण राहते, हे ज्याला पाहायचे त्याला आकड्यांशिवायही दिसते.

३

हे असे का घडते, याचे एक कारण आपल्या गावरचनेत आहे. जुन्या गावात दाटीने घरे असतात; म्हणून मोठा रस्ता आखताना तो गावाच्या बाहेरून काढतात. गावाच्या बाहेर कोण राहतो? जो गावकुसाबाहेर ठेवला गेला तो. जातीने ज्याला कडेला बसवले, त्याच्या दारावरूनच मोटारींचा रस्ता गेला. पुढे रुंदीकरण आले की अतिक्रमणाची नोटीसही त्याच्याच दारावर लागते. कारण पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही जमिनीचा कागद त्याच्याकडे नसतो. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते : अतिक्रमण काढायच्या दिवशी रस्त्याचा मालक कोण, याबद्दल कोणाच्याही मनात संशय नसतो. मोजणीदार, पोलीस, यंत्र घेऊन मालक वेळेवर हजर होतो. हद्द हरवते ती केवळ जबाबदारी घेण्याच्या दिवशी.

दुसरे कारण या मातीखाली आहे. चंद्रपूरला कोळसा आणि चुनखडी, गडचिरोलीला लोहखनिज. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडातून निघालेले खनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने ट्रकांतून वाहू लागले, तेव्हा ज्या रस्त्यावर दिवसाकाठी मोजकी वाहने जात त्यावर अवजड ट्रकांची रांग लागली. त्याविरुद्ध लोकांनी आंदोलने केली. खनिजाच्या वाहतुकीसाठी नवेगाव मोर ते सुरजागड असा स्वतंत्र मार्ग सरकारने पुढे मंजूर केला. तो व्हावा, त्याबद्दल वाद नाही. परंतु खनिजासाठी स्वतंत्र रस्ता आखता येतो, तर माणसासाठी दोन मीटरची कड का आखता येत नाही, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पादचाऱ्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली आहे. ज्ञान नाही असे नाही. ते लागू कोणी करायचे हे ठरलेले नाही.

तिसरे कारण जंगल. सायंकाळी मजुरीवरून परतणाऱ्या बाया मला सांगतात, पायवाटेने यावे तर वाघाची भीती, डांबरी रस्त्याने यावे तर हायवाची. दोन भीतींतून त्या एक निवडतात.

७ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली येथे रस्त्याच्या कडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. गावाने रस्ता अडवला, सरकारने मदत जाहीर केली. शोक करण्याखेरीज त्या घटनेबद्दल अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही. परंतु या दोन्ही जिल्ह्यांत पहाटे रस्त्याने निघा : भरतीसाठी धावणारी, व्यायाम करणारी पोरे जागोजाग डांबरावर दिसतील. त्यांना मैदान नाही. रस्ता हेच त्यांचे मैदान, आणि तो त्यांच्यासाठी बांधलेला नाही.

आणि तो बांधला कोणी? १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर महाराष्ट्रातील किती रस्ते झाले, आणि त्यांची खडी फोडणारे हात कोणाचे होते, हे सांगण्याची गरज नाही. माझ्या आईचे हात त्यांत आहेत. ज्या रस्त्याची खडी तिने फोडली त्याच्या कडेने ती आजही पदर सावरून, अंग चोरून चालते. स्वतः बांधलेल्या रस्त्यावर पाहुण्यासारखे चालावे लागणे, ही आपल्या समाजाची गोष्ट नवी नाही.

४

मग हद्दीचा हा गुंता सोडवायचा कसा? येथे मला महाड आठवते.

महाडचा संगर आपण २० मार्च १९२७ चा म्हणून ओळखतो. परंतु त्याची कागदोपत्री बाजू आपण कमी सांगतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. त्याचा आधार हाच होता की, जे पाणवठे सार्वजनिक पैशातून बांधले वा राखले जातात ते अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सत्याग्रहानंतर विरोधक न्यायालयात गेले. काय म्हणणे होते त्यांचे? तळे सार्वजनिक नाही, ते आमच्या खाजगी मालकीचे आहे, आणि आमची पूर्वापार वहिवाट आहे. म्हणजे प्रश्न 'तळे कोणाचे' हाच होता! बाबासाहेबांनी तो प्रश्न तांत्रिक म्हणून सोडून दिला नाही. दहा वर्षे तो खटला लढवला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात विरोधकांचा दावा कायमचा फेटाळला गेला. ओंजळीने पाणी प्यायले एका दिवशी. ते पाणी सार्वजनिक आहे हे कागदावर टिकवायला दहा वर्षे लागली.

महाडचे दोन्ही धडे घ्यायला हवेत. आपण पहिला घेतला. मोर्चा, घोषणा, रस्ता रोको आपल्याला जमते. दुसरा, म्हणजे हद्दीचा कागद हाती घेऊन भांडण्याचा, आपण वकिलांवर सोडला.

हद्द ही काही निसर्गाने आखलेली नसते. हवी तेव्हा ती बदलता येते. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. त्यानंतर काही महिन्यांतच, महाराष्ट्रासह काही राज्यांत, शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून ते स्थानिक संस्थांकडे देण्याची धावपळ सुरू झाली. दारूच्या दुकानासाठी रस्त्याची हद्द हलू शकते. शाळेच्या पोरीसाठी ती हलत नाही, हे मी मान्य करणार नाही.

५

आता व्यवहाराचे बोलू. ग्रामसभेने काय करावे?

पहिले काम, मालक लेखी विचारणे. ग्रामपंचायतीत नमुना २३ ही नोंदवही असते. तिच्यात ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्ते नोंदवलेले असतात. ती ग्रामसभेत वाचून घ्यावी. जो रस्ता तिच्यात नाही, त्याचा दर्जा, क्रमांक, हद्दीची रुंदी आणि देखभाल करणारे कार्यालय हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरे, मागणी अचूक करणे. आपण सर्वत्र 'गतिरोधक' मागतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नकोत असे केंद्राचे धोरण असल्याने तो अर्ज सहज फेटाळला जातो आणि आपण हात हलवत परत येतो. तेथे मागायचे ते आडवे खडबडीत पट्टे, वेगमर्यादेचे फलक, ओलांडण्याची आखलेली जागा, दिवे आणि कडेची पायवाट. वेगमर्यादा ठरवणे, ठराविक भागात वा वेळेत अवजड वाहने रोखणे, फलक लावणे यांचे अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२, ११५ आणि ११६ या कलमांत आहेत. १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माणसांचा लोंढा येतो तेव्हा वाहतूक वळवली जाते, माणसे पायी सुखाने चालतात. अर्थात अधिकार आहे आणि तो वापरताही येतो.

तिसरे, ठराव योग्य जागी नेणे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. रस्त्याचे खाते, पोलीस, परिवहन हे सारे तेथे एकाच टेबलाशी बसतात. जे उत्तर पाच कार्यालयांत तुटून पडते, ते तेथे एकत्र मागता येते. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत रस्ते व पूल आहेतच. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला अधिक वजन आहे. वनजमिनीची अडचण सांगितली गेली, तर २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) दाखवावे : गावासाठीच्या रस्त्यासारख्या सोयींकरिता एक हेक्टरच्या आत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. गडचिरोली-धानोरा मार्गावरील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला तो असाच, कायद्याचे एकेक कलम गावात बसून वाचून. खाणबाधित गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतूनही अशा कामांची मागणी करावी.

चौथे, अपघात झालाच तर. धडक देऊन वाहन पळाले असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी हे कोणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर बांधणाऱ्या व राखणाऱ्या यंत्रणेला २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

न्यायालयेही या दिशेने येत आहेत. पादचाऱ्यांना निर्वेध पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे एकविसाव्या कलमाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांबाबत सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली. मात्र या निकालांत डोळ्यांसमोर आहे ते मुख्यतः शहर. खेड्याच्या वेशीवरून जाणाऱ्या महामार्गाची कड अद्याप कोणाच्या नजरेत पुरेशी आलेली नाही. ती आणून देणे आपल्याला करावे लागेल.

६

त्या गावाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. पुढच्या ग्रामसभेत रीतसर ठराव झाला. मुलीच्या वडिलांनी माहितीचा अर्ज केला, मी मसुदा लिहून दिला. अडतीस दिवसांनी उत्तर आले. त्यात रस्त्याचा क्रमांक, हद्दीची रुंदी आणि देखभाल करणारे कार्यालय स्पष्ट लिहिले आहे. आजवर कोणी तोंडी मान्य करत नव्हते, ते आता शिक्क्यासह गावाजवळ आहे. त्याच्या आधारे ठराव रस्ता सुरक्षा समितीकडे गेला. गावाच्या दोन्ही टोकांना खडबडीत पट्टे आणि वेगाचे फलक लागले. कडेची पायवाट आणि दिवे झालेले नाहीत. ती मुलगी या सत्रात परत वर्गात येते. बाकीच्या दोघींपैकी एक आली, एकीचे लग्न झाले.

फलक लागले म्हणून लढा संपला असे मी म्हणणार नाही. पण त्या म्हातारीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आता गावाकडे आहे. रस्ता कोणाचा, हे कळले आहे. पल्याड कसे जायचे, हे ज्याने सांगायचे त्याचे कार्यालय, पत्ता आणि जावक क्रमांक गावाच्या फायलीत आहे. आपल्या प्रत्येक वस्तीच्या फायलीत असा एक कागद असावा, आणि आपल्या शिकलेल्या मुलांनी तो मिळवून द्यावा, एवढीच या लेखामागची अपेक्षा आहे.